हस्तनिर्मित बाटली-ओपनरची पुनर्रचना व लेझर-कर्तन : कर्मशाळा-शिक्षणातील एका पाठाची मांडणी

गोषवारा

महाविद्यालयीन कर्मशाळेत लोखंडी पट्टी कापून, छिद्र पाडून व कानशीने घासून तयार केलेला बाटली-ओपनर ही वरवर पाहता क्षुल्लक वस्तू आहे. तथापि हीच वस्तू लेझर-कर्तन यंत्राकडे सोपवावयाची झाल्यास तिची केवळ नक्कल करून भागत नाही; तिची पुनर्रचना करावी लागते. हाताने काम करताना जे निर्णय नकळत घेतले जातात, ते सर्व आराखड्यात अंकांनी नोंदवावे लागतात. प्रस्तुत लेखात या पुनर्रचनेचे टप्पे, त्यामागील तरफेचे व पदार्थविज्ञानाचे तत्त्व आणि मीरा-भाईंदरमधील काशीमीरासारख्या औद्योगिक परिसरातील महाविद्यालयास हा पाठ कसा घेता येईल, याचे विवेचन केले आहे. फिटिंगची कर्मशाळा आणि लेझर यंत्र हे परस्परांचे पर्याय नसून एकाच पाठाचे दोन भाग आहेत, हे या विवेचनाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कर्मशाळा-शिक्षण, लेझर-कर्तन, तरफ, कर्फ, फॅब लॅब, काशीमीरा

१. प्रस्तावना

मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग आणि ठाण्याकडे जाणारा घोडबंदर रस्ता जेथे एकत्र येतात, तो परिसर काशीमीरा या नावाने ओळखला जातो. काशी आणि मीरा या दोन गावांची नावे जोडून हे नाव रूढ झाले. २८ फेब्रुवारी २००२ रोजी मीरा-भाईंदर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८ लाख ९ हजारांहून अधिक होती. भाईंदर पूर्वेकडील स्टीलच्या भांड्यांचे लहान कारखाने आणि महामार्गालगतच्या औद्योगिक वसाहतींतील गाळे यांमुळे पत्रा कापणे, दाबणे, वाकविणे व पॉलिश करणे ही कामे येथील अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहेत. अशा परिसरातील महाविद्यालयात येणारा विद्यार्थी पुष्कळदा ज्या वस्तीत राहतो, तेथेच प्रेसचा आवाज ऐकत वाढलेला असतो.

अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षातील कर्मशाळा-प्रात्यक्षिकांत फिटिंगचे काम दीर्घकाळ शिकविले जात आहे. दुसरीकडे लेझर-कर्तन, त्रिमितीय मुद्रण आदी संगणकनियंत्रित यंत्रे आता शैक्षणिक संस्थांत येऊ लागली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये बौद्धिक व व्यावसायिक शिक्षण यांच्यामधील भिंत दूर करण्यावर भर देण्यात आला. अशा वेळी नवे यंत्र आले म्हणून जुनी व्हाइस व कानस अडगळीत टाकावी काय, हा प्रश्न उपस्थित होतो. जागा, निधी व तासिका मर्यादित असल्याने हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. बाटली-ओपनरच्या उदाहरणावरून या प्रश्नाचे उत्तर शोधता येते.

२. बूच आणि ओपनर : संक्षिप्त पूर्वपीठिका

वायुयुक्त पेयाच्या बाटलीचे तोंड बंद करणे ही एकोणिसाव्या शतकातील एक अवघड तांत्रिक समस्या होती. इंग्लंडमध्ये हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये काचेची गोटी आतील वायूच्या दाबाने तोंडाशी घट्ट बसेल अशी बाटली तयार केली. आपल्याकडील गोटी सोडा हे तिचेच रूप होय. ही बाटली उघडण्यास गोटी आत ढकलणे पुरेसे असते. तेथे ओपनरची गरज नाही.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये कडेला दाते असलेल्या धातूच्या बुचाचे पेटंट घेतले. मुकुटासारख्या आकारामुळे त्यास 'क्राऊन' हे नाव मिळाले. हे बूच बाटलीच्या ओठावर दाबून बसविले जाते व बोटांनी निघत नाही. साहजिकच दोन वर्षांनी, १८९४ मध्ये, पेंटर यांनीच ते उघडण्याच्या साधनाचेही पेटंट घेतले. बंद करण्याची पद्धत बदलली की उघडण्याचे साधन जन्मास येते, याचे हे बोलके उदाहरण आहे. इराणी उपाहारगृहांतील रास्पबेरी सोड्यापासून शीतपेयांच्या काचेच्या बाटल्यांपर्यंत हेच बूच आजही वापरात आहे.

प्रचलित क्राऊन बुचास २१ दाते असतात. बसविण्यापूर्वी त्याचा बाह्य व्यास सुमारे ३२ मिमी व उंची सुमारे ६ मिमी असते. बाटलीवर दाबल्यानंतर व्यास सुमारे २८.६ मिमी राहतो. पत्र्याची जाडी पाव मिमीच्या आतबाहेर असते. ओपनरचा आराखडा या मापांवर अवलंबून असतो. म्हणून पाठाचा आरंभ विद्यार्थ्यांनी व्हर्निअर कॅलिपरने वापरलेली व न वापरलेली बुचे मोजण्यापासून व्हावा.

३. हाताने घडविलेल्या ओपनरमध्ये दडलेले ज्ञान

कर्मशाळेत ओपनर तयार करण्याची रीत साधी आहे. सुमारे ४० मिमी रुंद व ३ मिमी जाड मऊ पोलादाची पट्टी घ्यावयाची, तिच्यावर खुणा करावयाच्या, सेंटर पंचने ठोके देऊन ओळीने छिद्रे पाडावयाची, मधला भाग काढून टाकावयाचा आणि उरलेला आकार चपट्या व अर्धगोल कानशीने घासून पूर्ण करावयाचा. छिद्राच्या एका कडेस आत डोकावणारी छोटी जीभ ठेवली जाते. ही जीभ बुचाच्या दात्यांखाली शिरते, तर छिद्राची समोरची कड बुचाच्या माथ्यावर टेकते.

मूठ वर उचलली असता ही समोरची कड टेकू बनते. टेकू एका टोकास, जीभ मध्ये आणि हात दुसऱ्या टोकास, अशी ही दुसऱ्या प्रकारची तरफ आहे. टेकूपासून जीभ २० मिमी आणि हात १०० मिमी अंतरावर आहे असे धरल्यास यांत्रिक लाभ ५ येतो. हाताने ३० न्यूटन बल लावले, तर जिभेवर १५० न्यूटन बल येते. टेकू व जीभ यांमधील अंतर बुचाच्या व्यासापेक्षा कमी असणे आवश्यक आहे. अन्यथा संपूर्ण बूच छिद्रातून आरपार जाईल आणि टेकण्यास काहीच उरणार नाही.

येथवरचे ज्ञान पाठ्यपुस्तकात सापडते. परंतु हाताने काम करणारा याखेरीज आणखी काही गोष्टी करतो व त्या क्वचितच नोंदविल्या जातात. पहिली गोष्ट अशी की, ड्रिलने पाडलेल्या छिद्रामुळे जिभेच्या मुळाशी असलेला कोपरा आपोआप गोलसर होतो. दुसरी गोष्ट म्हणजे, जीभ दात्यांखाली सहज शिरावी म्हणून तिची वरची बाजू तिरपी घासली जाते. टोकास ती पातळ व मुळाशी पूर्ण जाडीची राहते. तिसरी गोष्ट, काम पूर्ण होण्यापूर्वी तो पाच-सहा वेळा प्रत्यक्ष बाटलीवर लावून पाहतो आणि जेथे अडते तेथे कानस फिरवतो. त्याचे मोजमाप अंकात नसते, ते 'बसते' आणि 'बसत नाही' या दोन शब्दांत असते. गोलाई, उतार व जुळवणी ही या वस्तूतील अलिखित माहिती होय.

४. लेझर-कर्तनाचे तत्त्व

लेझरचा पहिला यशस्वी प्रयोग थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये केला. कर्तनासाठी मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला व त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. महाराष्ट्रातील वर्गात हा विषय शिकविताना ही गोष्ट आवर्जून सांगण्याजोगी आहे. पुढे १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये किरणाबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडून पोलाद कापण्याचा प्रयोग झाला आणि औद्योगिक लेझर-कर्तनाची वाट मोकळी झाली.

कार्बन डायऑक्साइड लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. लाकूड, प्लायवूड, अॅक्रिलिक व कागद ही ऊर्जा चांगली शोषून घेतात. चकचकीत धातू ती बव्हंशी परावर्तित करतात. शैक्षणिक संस्थांत सामान्यतः आढळणारे लहान यंत्र याच प्रकारचे असल्याने त्यावर ३ मिमी पोलाद कापले जात नाही. पोलादासाठी आता बहुधा फायबर लेझर वापरला जातो. त्याची तरंगलांबी सुमारे १.०७ मायक्रोमीटर असून धातू ती अधिक शोषतात. मऊ पोलाद ऑक्सिजनच्या साहाय्याने कापल्यास ज्वलनाची जादा उष्णता मिळते, मात्र कडेवर ऑक्साइडचा थर राहतो. स्टेनलेस स्टीलची स्वच्छ कड हवी असल्यास नायट्रोजन वापरतात.

या दोन यंत्रांतील फरक विद्यार्थ्यास आधीच ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण कोणते यंत्र उपलब्ध आहे, यावरून ओपनर कोणत्या पदार्थाचा असेल आणि त्याचा आराखडा कसा असेल, हे ठरते.

५. पुनर्रचनेचे टप्पे

५.१ आकार संगणकात आणणे : हस्तनिर्मित ओपनर पट्टीसह स्कॅनरवर ठेवून त्याची प्रतिमा घ्यावी. पट्टीवरील खुणांच्या आधारे प्रमाण निश्चित करून इंकस्केपसारख्या मुक्त आज्ञावलीत बाह्यरेषा काढावी. येथे विद्यार्थी बहुधा प्रतिमेवरून जशीच्या तशी रेषा गिरवितो. परिणामी कानशीच्या चुकाही आराखड्यात उतरतात. प्रत्येक वळणापाशी 'हे हेतुपुरस्सर आहे की हात घसरल्यामुळे झाले आहे?' असा प्रश्न विचारणे, ही पुनर्रचनेची पहिली पायरी होय. रेषा गिरविण्याऐवजी वर्तुळे, सरळ रेषा व त्यांची मापे यांत आकार पुन्हा मांडला पाहिजे.

५.२ कर्फचा हिशेब : किरण ज्या रुंदीचा पदार्थ जाळून वा वितळवून नाहीसा करतो, त्या रुंदीस कर्फ म्हणतात. लहान यंत्रावर ती साधारणतः ०.१ ते ०.३ मिमी असते व पदार्थ, जाडी, वेग यांनुसार बदलते. कर्फ ०.२ मिमी धरल्यास रेषेच्या प्रत्येक बाजूस ०.१ मिमी पदार्थ जातो. त्यामुळे २० मिमीचे छिद्र २०.२ मिमी होते, तर २० मिमीचा बाहेरचा तुकडा १९.८ मिमी भरतो. एकात एक बसणाऱ्या भागांत ०.४ मिमीची फट पडते. हा अंक पुस्तकातून न घेता, निरनिराळ्या मापांच्या खाचा असलेली चाचणीपट्टी कापून प्रत्येक गटाने स्वतः काढावा.

५.३ कोपऱ्यांची गोलाई : संगणकावर काढलेला काटकोन लेझर जवळजवळ तसाच कापतो. ड्रिलमुळे आयती मिळणारी गोलाई येथे नाहीशी होते. आतील टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि अॅक्रिलिकसारखा ठिसूळ पदार्थ तेथूनच तडकतो. म्हणून जिभेच्या मुळाशी १ ते १.५ मिमी त्रिज्येची गोलाई मुद्दाम द्यावी लागते.

५.४ जिभेचा प्रश्न : पुनर्रचनेतील खरी अडचण येथे आहे. जीभ १२ मिमी रुंद, ५ मिमी लांब व ३ मिमी जाड असून तिच्या टोकावर १५० न्यूटन बल आहे असे धरू. मुळाशी वाकविणारा आघूर्ण १५० × ५ = ७५० न्यूटन-मिमी येतो. छेदगुणांक १२ × ३² ÷ ६ = १८ घन मिमी. म्हणजेच ताण सुमारे ४२ न्यूटन प्रति चौरस मिमी होतो. मऊ पोलाद सुमारे २५० पर्यंत कायमचे वाकत नाही, त्यामुळे तेथे सहापट सुरक्षितता मिळते. अॅक्रिलिकची ताणशक्ती ६५ ते ७० च्या आसपास असते. कागदावर ते टिकते, परंतु कोपऱ्यातील ताण व ठिसूळपणा लक्षात घेता प्रत्यक्षात भरवसा ठेवता येत नाही. प्लायवूडची कड तर दात्यांच्या धारेने चुरडली जाते.

यावर जाडी वाढवावी, असा उपाय विद्यार्थी सुचवितात. जाडी ६ मिमी केल्यास ताण एक-चतुर्थांश होतो हे खरे. पण इतकी जाड जीभ दात्यांखाली शिरतच नाही. हाताने काम करणाऱ्याने हा पेच तिरप्या घासणीने केव्हाच सोडविलेला असतो. लेझर मात्र पत्र्याच्या पृष्ठभागाशी काटकोनात कापतो. त्यास उतार देता येत नाही. तिसरी मिती त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

५.५ दोन उत्तरे : पहिले उत्तर पोलादाचे. ३ मिमी पत्र्यावर बाह्याकार व छिद्र फायबर लेझरने कापून घ्यावे आणि जिभेचा उतार कर्मशाळेत कानशीने द्यावा. कडेवरील बर व ऑक्साइडचा थरही हातानेच काढावा लागतो.

दुसरे उत्तर संयुक्त रचनेचे. ६ मिमी प्लायवूडचा दांडा लहान यंत्रावर कापून त्यात जिभेच्या जागी पोलादी वॉशर बसवावे. एम-६ बोल्टसाठीचे १८ मिमी बाह्य व्यासाचे व १.६ मिमी जाडीचे रुंद वॉशर यास सोयीचे ठरते. दांड्याच्या खालच्या बाजूस ३ मिमी प्लायवूडचा दुसरा थर चिकटवून त्यात वॉशरच्या आकाराची खोबण ठेवावी. वॉशरचे केंद्र छिद्राच्या कडेपासून ६ मिमी आत ठेवल्यास त्याची कड ३ मिमी बाहेर डोकावते. खोबणीचे तोंड तेथे सुमारे १३.४ मिमी रुंद राहते. वॉशरचा व्यास त्याहून अधिक असल्याने ते पुढे निसटत नाही. बूच उचलताना वॉशरवर खालच्या दिशेने बल येते. ते पेलण्यासाठी वॉशरच्या मध्यातून बोल्ट घालून वरच्या थरात नटाने आवळावा. केवळ गोंदावर विसंबणे योग्य नव्हे.

परदेशातील अशा आराखड्यांत वॉशरऐवजी नाणे वापरण्याची प्रथा आढळते. भारतात नाणे अधिनियम २०११ नुसार नाणी वितळविण्यास वा नष्ट करण्यास मनाई आहे. त्यामुळे वर्गातील कामासाठी वॉशर वापरणेच उचित होय.

६. स्थानिक उद्योग आणि पाबळचा अनुभव

भांड्यांच्या कारखान्यात एकसारख्या हजारो वस्तू हव्या असतात. तेथे साचा तयार करण्याचा मोठा खर्च प्रत्येक नगावर विभागला जातो व प्रेसच्या एका ठोक्यात आकार कापला जातो. वर्गातील परिस्थिती याच्या उलट असते. साठ विद्यार्थ्यांचे साठ वेगवेगळे ओपनर कापावयाचे, तर साचा परवडणार नाही. लेझरला साचा लागत नाही. त्याचे मूल्य कापलेल्या रेषेची लांबी, आरंभीच्या छिद्रांची संख्या, जाडी आणि वाया जाणारा पत्रा यांवर ठरते. मुंबई–ठाणे पट्ट्यात लेझर-कर्तनाचे जॉबवर्क करणारे व्यावसायिक असल्याने महाविद्यालयाकडे फायबर लेझर नसला तरी अडत नाही. सर्व आराखडे एकाच पत्र्यावर दाटीने मांडून एक फाईल पाठविणे, हादेखील विद्यार्थ्यांसाठी उपयुक्त अभ्यास ठरतो. आपल्या वस्तीतील प्रेस आणि हे यंत्र यांतील अर्थशास्त्रीय भेद त्यांना येथे प्रत्यक्ष कळतो.

हात आणि संगणकनियंत्रित यंत्र यांची सांगड घालण्याचा महाराष्ट्रातील महत्त्वाचा दाखला पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. प्रत्यक्ष कामातून शिक्षण हे त्याचे सूत्र होते आणि त्यातूनच शाळांसाठी आयबीटी या नावाने ओळखला जाणारा मूलभूत तंत्रज्ञानाचा कार्यक्रम उभा राहिला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये जवळजवळ काहीही स्वतः बनविण्यास शिकविणारा अभ्यासक्रम सुरू केला होता. त्याच प्रयत्नांतून पुढे आलेल्या फॅब लॅब या संकल्पनेची, अमेरिकेबाहेरील अगदी आरंभीची प्रयोगशाळा २००२ मध्ये पाबळ येथे सुरू झाली.

या उदाहरणाचे महत्त्व यंत्रसामग्रीपेक्षा क्रमात आहे. पाबळ येथे डिजिटल यंत्रे येण्यापूर्वी जवळपास दोन दशके विद्यार्थी वेल्डिंग, सुतारकाम, शेती व वीजजोडणी करीत होते. नवी यंत्रे त्या कामांच्या शेजारी येऊन बसली. त्यांनी ती कामे हद्दपार केली नाहीत. महाविद्यालयांनी लक्षात घ्यावी अशी ही बाब आहे.

७. वर्गातील आखणी व मूल्यमापन

हा पाठ चार प्रात्यक्षिक सत्रांत घेता येतो. पहिल्या सत्रात बुचांचे मोजमाप, तरफेचे गणित व पट्टीवरील खुणा. दुसऱ्यात हाताने ओपनर पूर्ण करणे. तिसऱ्यात आराखडा, कर्फ-चाचणी व पुठ्ठ्यावरील नमुना. चौथ्यात अंतिम कर्तन, हातकाम व चाचणी. क्रम बदलू नये. हातकाम आधी झाले नाही, तर आंतरजालावरून आयती फाईल उतरवून कळ दाबणे एवढेच शिल्लक राहते. तयार झालेली वस्तू कदाचित अधिक देखणी असेल; तथापि विद्यार्थ्यास गोलाई का दिली व उतार कोठे गेला, हे सांगता येणार नाही.

मूल्यमापनही केवळ तयार वस्तूवर आधारू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने हस्तनिर्मित वस्तूतील किमान पाच वैशिष्ट्यांचा तक्ता करावा आणि प्रत्येकापुढे 'तसेच ठेवले', 'बदलले' वा 'सोडून दिले' अशी नोंद सकारण करावी. वस्तू एकाच बाटलीवर न तपासता वीस बुचे उघडून जिभेची झीज मोजावी. मोडलेला नमुना फेकून न देता तो कोठे व का मोडला, याचे टिपण गुणांस पात्र धरावे.

८. सुरक्षितता

पीव्हीसी लेझर यंत्रावर कधीही कापू नये. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक व यंत्रास गंजविणारा वायू निघतो. अॅक्रिलिक व प्लायवूड पेट घेऊ शकतात, म्हणून धूर बाहेर नेणारी यंत्रणा व अग्निशामक यांची सोय असावी आणि यंत्र चालू असताना ते सोडून जाऊ नये. कार्बन डायऑक्साइड लेझरची किरणे डोळ्याच्या बाह्य पटलात शोषली जाऊन तेथे भाजते. फायबर लेझरची किरणे तर थेट दृष्टिपटलापर्यंत पोचतात. म्हणून जॉबवर्कच्या ठिकाणी भेट देताना आवरण बंद असल्याशिवाय विद्यार्थ्यांना जवळ जाऊ देऊ नये.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हस्तनिर्मित ओपनर लेझरने कापताना तीन गोष्टी गळून पडतात : ड्रिलची गोलाई, कानशीचा उतार आणि लावून पाहण्याची जुळवणी. गोलाई आराखड्यात अंक म्हणून परत आणता येते. जुळवणीची जागा कर्फ-चाचणी घेते. उतार मात्र यंत्राच्या कक्षेबाहेर राहतो. तो पुन्हा कानशीनेच द्यावा लागतो, अन्यथा वॉशरसारख्या वेगळ्या पदार्थाचा आधार घ्यावा लागतो. यंत्राची मर्यादा कोठे आहे, हे ज्याने कानस हाती धरली आहे त्यासच लवकर उमगते. तेव्हा लेझर यंत्रासाठी जागा करताना फिटिंगची किमान काही मेजे राखून ठेवणे, हा जुन्याचा मोह नव्हे. नव्या यंत्राचा पुरेपूर शैक्षणिक उपयोग होण्याची ती पूर्वअट आहे. ज्या परिसरात पत्र्याचे काम हा अनेक घरांचा चरितार्थ आहे, तेथील महाविद्यालयांनी या दृष्टीने आपल्या कर्मशाळेचा विचार करणे इष्ट ठरेल.